हातात धरलेला फोन

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'तंत्रज्ञानाचा वार्ताहर आधी अर्थवार्ताहर हवा'. त्याकडे येतो. पण आधी एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

३० मे २०१९ची सकाळ. लंडनचं कॉव्हेंट गार्डन. ब्रिटनमध्ये त्या दिवशी फाइव्ह-जी सुरू होत होतं आणि बीबीसीचे तंत्रज्ञान-वार्ताहर रोरी केथलिन-जोन्स त्याच नेटवर्कवरून थेट बातमी देणार होते. (आडनाव वेल्श आहे. स्पेलिंग बघून आपण 'सेलन' म्हणून मोकळे होतो; उच्चार 'केथलिन'.) सगळी तयारी झाली आणि चित्र काही जाईना. का? सिमकार्डावरचा डेटाच संपला होता! हसताय, पण ज्याचा नेटपॅक ऐन वेळी कधीच संपला नाही त्यानं हात वर करावा. बघा, एकही नाही.

मग प्रक्षेपण झालं आणि लोकांना दिसलं, यांचा हात थरथरतोय. त्याच दिवशी त्यांनी ट्विटरवर सांगून टाकलं, की नुकतंच पार्किन्सनचं निदान झालंय, उपचार चालू आहेत, काम चालूच राहील. २०२१मध्ये बीबीसी सोडेपर्यंत ते चालू राहिलं.

माझ्या वडिलांनाही हाच आजार होता. लग्नकार्यात उजवा हात उपरण्याखाली, अक्षता डाव्या हातानं. पंगतीला बसायचंच टाळायचे, आमटीची वाटी हिंदकळेल म्हणून. आम्ही घरचे त्यांना लपवायला मदत करायचो, हे मला आजही टोचतं. म्हणून देशभरच्या पडद्यावर दिसलेल्या त्या हाताबद्दल इतकं बोलतोय.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. आठला सभागृह द्यायचंय. तर मुद्दा.

हे रोरी १९८१मध्ये बीबीसीत लीड्सला संशोधक म्हणून लागले, मग कार्डिफला वार्ताहर, मग लंडनला अर्थवार्ताहर. १९९२चा 'ब्लॅक वेन्सडे', पौंड कोसळला तो. बीसीसीआयचा घोटाळा (क्रिकेटवाली नव्हे हो, १९९१मध्ये बंद झालेली बँक). पुढे डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा. २००७मध्ये तंत्रज्ञानाच्या बातम्या हाती आल्या तेव्हा ताळेबंद वाचायची सवय मुरलेली होती. तरी त्याच जानेवारीत पहिला आयफोन हातात धरून बातमी दिली, तेव्हा प्रेक्षकांनी 'फुकटची जाहिरात' म्हणून झोडलंच. बरोबर केलं. इतक्या मुरलेल्या माणसावर ही वेळ येते, मग आपल्याकडे प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं वाचतात तिथं काय? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सांगतात. हप्ते किती, सुटे भाग मिळणार का, आपल्या माहितीवर कोण कमावणार, हे कुणी विचारत नाही. लंडनचा तो संपलेला डेटा हीच माझ्या मते खरी बातमी : वेग वाढला की पॅक लवकर संपणार, मग बिल किती?

आणि किंमत विचारली की काय होतं तेही बघा. २०११मध्ये त्यांनी पंधरा पौंडांत देऊ म्हणणाऱ्या एका चिमुकल्या कॉम्प्युटरचा व्हिडिओ टाकला. सहा लाख लोकांनी पाहिला, आणि त्याची कल्पना मांडणाऱ्या एबेन अप्टन आणि मंडळींना तो बनवणं भागच पडलं. तोच रास्पबेरी पाय. फेब्रुवारी २०१२मध्ये आला, आता आपल्या पॉलिटेक्निकच्या पोरांच्या प्रोजेक्टांत दिसतो.

वेळ संपली. एवढंच, की बीबीसीचेच जुने निवेदक जेरेमी पॅक्समन वगैरे पार्किन्सन झालेल्या मंडळींबरोबर रोरींनी 'मूव्हर्स अँड शेकर्स' नावाचा पॉडकास्ट सुरू केलाय. घरात कुणाला हा आजार असेल तर खाली चहापाशी मला गाठा, फोनवर लावून देतो.