सोलॉन म्हणजे कोण?

फिलिपिन्समधलं इंग्रजी वर्तमानपत्र चाळलंत, तर मथळ्यांत एक शब्द हमखास भेटेल: सोलॉन. 'सोलॉनची चौकशीची मागणी', 'सोलॉनचा नव्या कराला विरोध'. इथे सोलॉन म्हणजे साधा खासदार. अमेरिकन वर्तमानपत्रांनीही हा शब्द वर्षानुवर्षं असाच वापरला. कारण व्यवहाराचं आहे. 'लेजिस्लेटर' किंवा 'काँग्रेसमन' इंग्रजीत लांबलचक होतात, अरुंद रकान्याच्या मथळ्यात मावत नाहीत. सोलॉन पाच अक्षरांत बसतो. शब्दकोश मात्र त्याचा अर्थ 'शहाणा कायदेकर्ता' असा देतो. मथळ्यात आला की त्यातलं शहाणपण गळून पडतं आणि निवडून आलेला कोणीही सोलॉन ठरतो. हे मला खटकतं, कारण ज्याचं हे नाव, त्याने ते फार किंमत मोजून कमावलं होतं.

वॉशिंग्टनला अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या दालनात जगभरातल्या 23 कायदेकर्त्यांची संगमरवरी शिल्पं आहेत. त्यात तोही आहे. अथेन्सचा सोलॉन.

इसवी सनापूर्वी सहावं शतक नुकतंच लागलं होतं. अथेन्सभोवतालच्या शेतांत जागोजागी दगड रोवलेले असत. त्यांना होरोय म्हणत. ही जमीन कुणाच्या तरी देण्यात अडकली आहे, याची ती खूण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गरीब कुळं पिकाच्या सहाव्या हिश्श्याच्या बोलीने बांधलेली. कर्ज काढायचं तर तारण स्वतःच्या देहाचं. फेडता आलं नाही की माणूस सावकाराचा गुलाम. मग तो परदेशातही विकला जाई. गाव पेटायच्या बेतात होतं.

इ.स.पू. 594 च्या सुमारास सोलॉनला आर्खॉन, म्हणजे मुख्य अधिकारी, निवडलं गेलं. श्रीमंत आणि गरीब, दोन्ही बाजूंनी त्याच्या हाती कारभार सोपवला. त्याने अशी कर्जं रद्द केली आणि माणसाला तारण ठेवून कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली. ग्रीकांनी याला नाव दिलं सेइसाख्थेइया, म्हणजे ओझं झटकून टाकणं.

सोलॉन कवीही होता. आपल्या कामाची साक्ष तो देतो ती कवितेत, आणि साक्षीला बोलावतो जमिनीला. तिला तो म्हणतो काळी धरित्री, देवांची थोर माता. आपला शेतकरी 'काळी आई' म्हणतो, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिच्या अंगात ठिकठिकाणी रोवलेले दगड मी उपटले, पूर्वी ती दासी होती, आता मोकळी आहे, असं तो लिहितो. पुढे त्या विकल्या गेलेल्या माणसांची आठवण येते. त्यांना त्याने परत आणलं. त्यातले काही इतका काळ परमुलखात भटकले होते, की त्यांना आपली मायबोलीही बोलता येत नव्हती. कायदे करणाऱ्याने आपल्या कायद्याचा हिशेब असा माणसांच्या भाषेत द्यावा, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच्या आधी ड्रेकोने केलेले कठोर कायदे त्याने मोडीत काढले, फक्त मनुष्यवधाविषयीचे ठेवले. एकावर अन्याय झाला तर दुसऱ्या कुठल्याही नागरिकाला त्याच्या वतीने दाद मागता येईल, अशी सोय केली. हे सगळं लाकडी, फिरत्या फळ्यांवर लिहून लोकांसमोर मांडलं.

तरी खूश कोणीच नव्हतं. श्रीमंतांची कर्जं बुडाली. गरिबांना जमिनीचं फेरवाटप हवं होतं, ते त्याने केलं नाही. अथेन्सला सर्वोत्तम कायदे दिलेस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, त्यांनी स्वीकारले असते त्यांतले सर्वोत्तम दिले. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने ही आठवण नोंदवली आहे.

सर्वसत्ताधीश होण्याची संधी चालून आली होती. मित्र आग्रहही करत होते. सोलॉनने ती नाकारली. कायद्यांत फेरफार करायला लोकांनी भाग पाडू नये, म्हणून तो 10 वर्षं अथेन्स सोडून गेला.

त्याच्या म्हातारपणी पेसिस्ट्रॅटस या त्याच्याच नातलगाने सत्ता बळकावली. सोलॉनने उघड विरोध केला, पण शहर घाबरलेलं होतं, कोणी साथ दिली नाही. सोलॉनचे बहुतेक कायदे मात्र पेसिस्ट्रॅटसने तसेच ठेवले, असं प्लूटार्क सांगतो, आणि ते तो स्वतः पाळतही असे.