रुक्मिणी आईची, रुक्मिणी लेकीची

1926 साली इंदूरमध्ये जन्मलेल्या प्रमिला जाधव पुढे जयमाला शिलेदार या नावाने महाराष्ट्राला परिचित झाल्या. त्या संगीत रंगभूमीवर आल्या तेव्हा बोलपटांनी नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले होते आणि सुभद्रा, रुक्मिणी, सिंधू ही नावे उच्चारताच रसिकांच्या मनात बालगंधर्वच उभे राहत. पुरुषाने घडवलेली स्त्रीभूमिका एका स्त्रीने, त्याच गायकीचा मान राखून, स्वतःची करायची होती.

जयराम शिलेदार म्हणजे 1947च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ चित्रपटातले रामजोशी. 1949 मध्ये पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही नाट्यसंस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा व जयमालाबाईंचा विवाह झाला. संगीत नाटकाला ओहोटी लागली असताना या दांपत्याने संसार आणि संस्था एकत्रच चालवली.

1952 साली जन्मलेल्या त्यांच्या लेकीची, कीर्ती शिलेदार म्हणजेच कीर्तीताईंची शाळा म्हणजे ही संस्थाच. गाण्याची तालीम त्यांना नीळकंठबुवा अभ्यंकरांकडून मिळाली, तर रंगमंचावर गायचे कसे, हे आईला पाहून कळले. ‘स्वयंवर’ नाटकातले ‘नाथ हा माझा’ हे यमन रागातले पद घ्या. भास्करबुवा बखल्यांची ही चाल मैफलीत कितीही फुलवता येते; नाटकात मात्र गाणारी रुक्मिणी असते, कृष्णाच्या ओढीने गाणारी. वन्समोअर आला, तर तीच ओळ नव्या जागा घेत पुन्हा मांडायची आणि टाळ्या ओसरताच, सूर न मोडता, संवादावर यायचे. केवळ गळा तयार असून हे जमत नाही. आईच्या अनेक भूमिका लेकीकडे आल्या आणि तुलनाही ओघानेच आली.

त्या तुलनेपलीकडची भूमिका कीर्तीताईंना विद्याधर गोखले यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’ या नाटकाने दिली. तमाशातल्या मैनेची शास्त्रोक्त गायिका होते, अशी ही कथा. लावणीचा ठसका आणि रागदारीची शिस्त एकाच गळ्यातून, एकाच रात्री ऐकवायची असल्याने या भूमिकेला निव्वळ अभिनेत्री किंवा निव्वळ गायिका पुरी पडली नसती.

जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली ती 2013 मध्ये, म्हणजे फारच उशिरा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. 2018 साली मुलुंडला भरलेल्या 98व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद कीर्तीताईंनी भूषवले. 22 जानेवारी 2022 रोजी त्याही गेल्या.