आधी पत्रा, मग पाइप

मित्रहो, विषय जाहीर झालाय तो ‘गाडीसाठी घरच्या घरी कोल्ड एअर इनटेक’, म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा पोचवणारा पाइप आणि फिल्टर. समोर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली मंडळी बसली आहेत, लेथवर नि फौंड्रीत आयुष्य काढलेली. पाइप कसा वाकवायचा हे मी तुम्हाला सांगायला नको. मला सांगायचंय ते पाइपच्या आधीचं. इंजिनची धग आणि फिल्टर यांच्यामध्ये एक पत्रा उभा राहिला पाहिजे. तो नसेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

खानापूरकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. बाराशे सीसीची पेट्रोल गाडी. वडिलांना उसाचं बिल मिळालं, त्यातले पैसे मागून घेऊन त्यानं एका दुकानात इनटेक बसवून घेतला. बॉनेट उघडलं तर काय, चकचकीत पाइप, त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, आणि तो बसलाय कुठं? रेडिएटरच्या पंख्यामागं! पंख्यानं फेकलेली सगळी गरम हवा थेट फिल्टरवर. मुलगा म्हणतो, “सर, आवाज मस्त येतोय, पण वंटमुरीच्या चढाला गाडी ओढतच नाही बघा.”

आवाज वाढला की गाडी पळते, असं वाटणं साहजिक आहे. तसं असतं तर सायलेन्सर फुटलेला ट्रॅक्टर हायवेवर सगळ्यांच्या पुढं दिसला असता. हसा, पण हे ऐका. मी त्याच्या गाडीला स्कॅनर लावला. हे स्कॅनर आता कुणाकडेही असतात, मोबाइलवर आकडे दिसतात. चन्नम्मा चौकातल्या सिग्नलला थांबलो तेव्हा बाहेर तीस अंश असेल-नसेल, आणि इंजिनात शिरणारी हवा साठच्या घरात गेलेली. मी विचारलं, “एअर फिल्टरचा मूळचा डबा कुठाय?” तर म्हणे, “दुकानातच राहिला की. ते म्हणाले, आता त्याचा काही उपयोग नाही.”

याचाच मला राग आहे. तो काळा प्लॅस्टिकचा डबा कंपनीच्या इंजिनिअरांनी विचार करून बसवलेला असतो. त्याचं नाक, म्हणजे हवा ओढायचं तोंड, बहुतेक गाड्यांत जाळीमागं किंवा हेडलाइटच्या बाजूला असतं, म्हणजे बाहेरची हवा तो आधीपासूनच घेत असतो. चांगलं काढून वाईट बसवायचं आणि वर पैसे घ्यायचे! तुम्ही घरी गेल्यावर एक करा, आपल्या गाडीचं हे नाक जागेवर आहे का बघा. पुढून ठोकर लागून डेंटिंग झालेल्या कितीतरी गाड्यांत ते नीट परत बसवलेलंच नसतं. ते बसवलं की काम पुष्कळसं झालं, तेही फुकटात.

आता साठ अंशांनी बिघडतं काय? इंजिन हवा घेतं लिटरच्या मापानं, पण पेट्रोल जळायला ती लागते किलोच्या हिशेबानं. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. दाब तोच ठेवून हवा तीसवरून साठ अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत ती नऊ टक्क्यांनी कमी भरते. शिवाय गरम हवेनं नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकण्याचा धोका वाढतो, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीची वेळ मागं घेतो, म्हणजे ताकद आणखी कमी. आणि आपण बेळगावकर मुळातच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवर. वेंगुर्ल्याहून आंबोली चढून गाडी घरी आली की सात-आठ टक्के हवा उंचीनंच खाल्लेली असते. मग उरलेली बॉनेटखाली का घालवायची?

फौंड्रीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला फार सुंदर शंका विचारली होती. म्हणाले, “भट्टीत गरम वारा सोडला की कोळसा वाचतो, मग गाडीला थंड का?” खरंच आहे. स्कॉटलंडच्या नीलसननं १८२८ मध्ये गरम वाऱ्याचं पेटंट घेतलं आणि लोखंड गाळायचा खर्च एकदम खाली आला. पण भट्टीत ब्लोअर असतो, हवा हवी तेवढी ढकलता येते आणि उष्णता हाच आपला माल असतो. साध्या पेट्रोल इंजिनाला ब्लोअर नाही. पिस्टन खाली गेला की जेवढी जागा होते तेवढीच हवा. यावर तासभर बोलता येईल, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. तर बनवायचं कसं ते पटपट सांगतो.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. त्यावरून दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा. वरच्या कडेला दाराचं रबर बीडिंग लावा, बॉनेट मिटलं की ते टेकलं पाहिजे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून पत्रा लांब ठेवा. फिल्टर पत्र्याच्या पलीकडे आणि त्याला जाळीमागून हवा येईल अशी वाट.

पाइप अॅल्युमिनियमचा, थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे अॅक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या तोंडाएवढा, वळणं मोठी. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो, तो नको. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून सांध्याला सिलिकॉन होज आणि क्लिपा. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ परत आणणारी नळी फिल्टरनंतरच जोडायची. गाडीला मॅप सेन्सर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा, असेल तर सोपं आहे. मास एअर फ्लो, म्हणजे आत येणारी हवा तारेनं मोजणारा सेन्सर असेल तर त्याचं मूळ घर तसंच ठेवा, व्यास बदलला की रीडिंग चुकतं. तेलाचा कापडी फिल्टर घेतलात तर तेल बेतानं, जास्तीचं त्या सेन्सरच्या तारेवर बसतं. फिल्टरपासून इंजिनपर्यंत एकही फट नको, आपली तांबडी धूळ सिलिंडर घासून काढते.

फायदा किती? हवा वीस अंशांनी उतरली तर पूर्ण अॅक्सिलरेटरवर सहा टक्क्यांच्या आसपास. शहरात अर्ध्या थ्रॉटलवर काही नाही. मायलेज वाढेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टर्बो डिझेलला बहुधा इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर असतोच, त्यात आणखी कमी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, वाचा आणि विमा कंपनीला आधी विचारा.

आणि शेवटचं, पावसाचं. फिल्टरचं तोंड बंपरखाली कधीही उतरवू नका. कणकुंबी, चोर्ला, जांबोटी, तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पाणी दाबलं जात नाही, ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, सिलिंडरमधलं पाणी बाहेर जाऊ द्या, मगच किल्लीला हात लावा.