हॉक्सनची पेटी

या चांदीच्या रोमन नाण्याची कड नीट बघा. मूळ नाणं गोल, भोवती सम्राटाच्या नावाची अक्षरं. इथे अक्षरं जवळजवळ गेलेली आहेत. कुणीतरी कड कातरून घेतली आहे, सावकाश, चहूबाजूंनी सारखी. मधल्या चेहऱ्याला मात्र धक्का लावलेला नाही.

ब्रिटानिया, म्हणजे आजच्या ब्रिटनचा बराचसा भाग, हा रोमन साम्राज्याचा पार वायव्येचा प्रांत. फौजेच्या पगाराची नाणी समुद्रापलीकडून यायची. इ.स. ४०२ नंतर ही आवक जवळपास आटली. ४०७ मध्ये इथल्या फौजेनेच तिसऱ्या कॉन्स्टंटाइनला सम्राट केलं आणि तो सैन्य घेऊन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, उतरला. मागे उरलेल्यांनी जुनीच नाणी पुरवून पुरवून वापरली. कड कातरायची, कातरणाच्या चांदीतून नकली नाणी पाडायची आणि उरलेलं नाणं पुन्हा बाजारात. चेहरा शाबूत आहे ना, मग ते चालायचं.

इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी सापडलेल्या या पेटीत अशी १४ हजारांवर चांदीची नाणी होती. शिवाय ५६९ सोन्याची. सगळ्यांत अलीकडची ४०७-०८ ची. पेटी पुरली ती त्यानंतरच.

आता ही चांदीची बाई. उंची जेमतेम दहा सेंटीमीटर, डोक्यावर केसांची भरगच्च रचना, हातात गुंडाळी. आतून ती पोकळ आहे. तळाची चकती फिरवली की एकदा भरायचं भोक उघडतं, एकदा शिंपडायची छिद्रं, एकदा सगळं बंद. ही मिरपुडीची डबी! मिरी यायची आपल्या मलबार किनाऱ्यावरून, तांबड्या समुद्रातून, इजिप्तमार्गे. पेटीत अशा चार डब्या निघाल्या.

हे सगळं आज सांगता येतं ते एका माणसाने हात आवरला म्हणून. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी तो धातुशोधक यंत्र घेऊन एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होता. नाणी, चमचे हाती येऊ लागताच त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. कोणती वस्तू कशाशेजारी होती, हे त्यांना जागेवरच नोंदवता आलं. लाकूड कुजून गेलं होतं, तरी मोठ्या पेटीत छोट्या पेट्या होत्या हे कळलं. त्यांची चांदीची इवलीशी कुलपं ही अशी. फावड्याने उपसलं असतं, तर उरला असता नुसता चांदीचा ढीग.

पेटी न्यायला कुणी परतलं नाही. ४०९ च्या सुमारास ब्रिटनच्या लोकांनी रोमन अधिकाऱ्यांना हाकलून दिलं, असं इतिहासकार झोसिमस लिहितो. पुढे पिढी-दोन पिढ्यांत नाणी, चाकावरची मडकी, नांदती शहरं, सगळंच थांबलं.

शोधणाऱ्याला बक्षिसाचे साडेसतरा लाख पौंड मिळाले. त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. १९९६ च्या कायद्याने तिथे असा ठेवा १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. ही नाणी आणि ती डबी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.