टायटॅनियमवर लेसरने धातू चढवताना

मंडळी, टायटॅनियम गंजत नाही असं आपण सगळेच ऐकून आहोत, मग त्याला कोटिंग कशाला हवंय असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. समुद्राच्या पाण्यात टायटॅनियम वर्षानुवर्षं पडून राहतं आणि त्याला काही म्हणजे काही होत नाही. पण ही करामत त्या धातूची नाहीये बरं का, ती त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची आहे आणि हा पापुद्रा असतो जेमतेम काही नॅनोमीटर जाड. आतला धातू भलताच अ‍ॅक्टिव्ह. ओरखडा पडला की हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन पापुद्रा लगेच परत तयार होतो, म्हणून आपलं निभावतं.

आता जिथे तो परत तयार होऊ शकत नाही तिथे सगळी मजा संपते. गरम हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक अ‍ॅसिड, गास्केटखालच्या फटीत अडकून बसलेलं गरम खारं पाणी, आणि फ्लोराइड असलेलं काहीही. ओला क्लोरीन वायू चालतो, कोरडा चालत नाही, कोरड्यात टायटॅनियम चक्क पेट घेतं. १९६६ मध्ये अपोलोच्या सर्व्हिस मोड्यूलची इंधनाची टाकी प्रेशर टेस्टमध्ये फुटली, टाकी सिक्स-फोरची, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवाल्या नेहमीच्या मिश्रधातूची. खरं इंधन विषारी म्हणून टेस्टला त्याच्याऐवजी निरुपद्रवी समजून मेथॅनॉल भरलेलं, आणि त्या मेथॅनॉलनेच ताणाखालच्या धातूला तडे पाडले. त्यात थोडंसं पाणी असतं तर पापुद्रा टिकला असता!

तर कोटिंग लागतं. पण इथे बरेच जण पोलादाचा अनुभव घेऊन येतात आणि फसतात. पोलादावर आपण जस्त चढवतो, जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं, बरोबर? तेच टायटॅनियमवर कराल तर टायटॅनियम कॅथोड, म्हणजे या जोडीतली न झिजणारी बाजू होतं, त्याच्यावर हायड्रोजन सुटायला लागतो आणि तो आत शिरतो, गरम असेल तर जास्तच, मग हायड्राइड तयार होऊन धातू ठिसूळ. वाचवायला गेलो आणि मोडून बसलो. उलट पोलादावर निकेलसारखा जास्त नोबल, म्हणजे सहजासहजी न झिजणारा धातू चढवला आणि त्यात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तर तिथे पोलाद खोल पोखरलं जातं. टायटॅनियमवर प्लॅटिनम किंवा पॅलेडियम असेल तर अशा भोकाची तेवढी धास्ती नसते, कारण हा शेजारी उघड्या टायटॅनियमचं पोटेन्शियल, म्हणजे विद्युत पातळी वर ढकलतो आणि भोकातला पापुद्रा आपला आपण बनतो. प्लॅटिनम चढवलेले टायटॅनियमचे अ‍ॅनोड याच जोरावर चालतात. माझ्या मते आजच्या विषयातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, बाकी मशीनची सेटिंग वगैरे मॅन्युअलमध्ये मिळतं.

लेसर कशासाठी, तर थर नुसता चिकटत नाही, तो खालच्या धातूत वितळून एकजीव होतो. आर्गनसोबत नोझलमधून पावडर येते, लेसरखाली वितळलेल्या धातूचं छोटंसं डबकं असतं, पावडर त्यात पडते, लेसरचं हेड पुढे सरकतं आणि मागे बीड, म्हणजे थिजलेल्या धातूची रेघ उमटते, मग तिच्यावर थोडी चढवून शेजारची बीड. हे सगळं होताना मी आधी रंग बघतो. चांदीसारखी चकचकीत बीड म्हणजे गॅस नीट पोचलाय, गवती-सोनेरी असेल तर जेमतेम चालण्यासारखी, निळी-जांभळी आली की काम थांबवायचं आणि पांढरट भुकटी दिसली तर तो पीस सरळ बाजूला, कारण गरम टायटॅनियम ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखं पितं आणि तेवढंच कडक न् ठिसूळ होतं. त्यात उष्णता लवकर पसरत नाही, तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास आणि सिक्स-फोरची ७, त्यामुळे ताण एकाच जागी साठतो आणि काम संपल्यावर गार होताना टक् करून तडा जाऊ शकतो.

धातू कुठला निवडायचा यात जास्त गोच्या आहेत. निकेल, लोखंड, क्रोमियम हे टायटॅनियमशी मिसळले की ठिसूळ संयुगं बनतात, म्हणून खालचं टायटॅनियम थरात जितकं कमी मिसळेल तितकं बरं. नायोबियम आणि टँटलमची ही कटकट नाही, ते गरम टायटॅनियममध्ये छान विरघळतात. टँटलम तर अ‍ॅसिडला फारसं जुमानतच नाही, पण त्याचा वितळणबिंदू ३०१७ अंश सेल्सियस, टायटॅनियमचा १६६८, आणि घनताही जवळपास पावणेचारपट, म्हणजे खालचं टायटॅनियम उकळायच्या बेताला येतं तेव्हा कुठे टँटलमचे कण वितळतात, नाहीतर न वितळताच डबक्याच्या तळाशी जाऊन बसतात.

पॅलेडियमचं गणित वेगळं. ग्रेड ७ टायटॅनियममध्ये ते फक्त ०.१२ ते ०.२५ टक्के असतं आणि तेवढ्यानेच अ‍ॅसिडमधलं वागणं पार बदलतं. सुरुवातीला थोडं टायटॅनियम विरघळतं, पॅलेडियम पृष्ठभागावर उरतं, त्याच्यावर हायड्रोजन सहज सुटतो, पोटेन्शियल वर चढतं आणि पापुद्रा जमतो. आता पॅलेडियम महाग, मग आख्खा ठोकळा कशाला त्याचा करायचा, वर पावडरचा लेप द्यायचा आणि लेसरने वरचा पातळ थर तेवढा वितळवून मिसळून टाकायचा. मला ही कल्पना फार आवडते. फक्त फ्लोराइडपुढे तिचं काही चालत नाही, टँटलमचंही नाही, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असेल तर टायटॅनियमचा नाद सोडा.

एक तक्रार करून घेतो. कोटिंग केलं की लोक ते साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून टेस्ट करतात आणि गंजाच्या मोजमापाचा कर्व्ह दाखवून सांगतात की बघा गंज कमी झाला. अहो, त्या पाण्यात उघडं टायटॅनियमसुद्धा आरामात राहतं! जिथे पार्ट वापरायचा तेच अ‍ॅसिड, तेच तापमान घ्या, मुद्दाम एक फट ठेवा, आणि थर आडवा कापून तडे खालपर्यंत गेलेत का ते मायक्रोस्कोपखाली बघा.

मगाशी कुणीतरी विचारलं की बारीक पाइपच्या आतून हे करता येईल का. हेड आत शिरेल एवढा व्यास असेल तर येतं, खास लांब हेड मिळतात, पण बोटभर व्यासाच्या हीट एक्स्चेंजरच्या ट्यूबा असतील तर त्या खटपटीत पडू नका, सरळ ग्रेड ७ च्या ट्यूबा घ्या.