दहाला किती पेंढ्या?

[सकाळ. कोल्हापूरची कपिलतीर्थ मंडई. ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीचा ढीग.]

"कशी दिली पेंढी?"
"वीसला एक, वैनी."
"वीस? परवा दहाला दिलीसा की!"

वैनींनी पेंढी उचलली, वास घेतला आणि परत ढिगावर ठेवली. शेजारी कांदाही दुप्पट झालाय, वीसचा चाळीस. तिथं कुरकुर झाली, पण दीड किलो पिशवीत पडलाच. एरवी दोन किलो घेतात.

भाव शंभर टक्के वाढला आणि कांदा पंचवीस टक्के कमी घेतला. पंचवीसला शंभरानं भागा, पाव येतो. या आकड्याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. तो एकापेक्षा कमी आला की मागणी अलवचीक, म्हणजे भाव वाढतो त्या मानानं ती कमीच घटते. म्हणून तर वैनींचा कांदा कमी झाला, पण खर्च चाळीसचा साठ झाला. कोथिंबिरीवर मात्र सकाळी एक पैसा गेला नाही.

[कागदावर काढलेली, उजवीकडे उतरत जाणारी मागणीची रेषा.]

लवचिकतेची ही कल्पना अल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची. १८८१ साली सिसिलीतल्या पालेर्मो शहरात, गच्चीवर आंघोळीच्या टबाच्या आच्छादनाची सावली करून बसला असताना त्याला ती सुचली आणि स्वारी भलतीच खूश झाली, अशी आठवण त्याच्या पत्नीनं सांगितली आहे. १८९० मध्ये त्याच्या ग्रंथातून ती जगभर गेली.

[मिसळीचं हॉटेल. कटावर तरंगणारी तर्री.]

पण कांद्याची मागणी अलवचीक, असं एकदा म्हणून भागत नाही. कुठला कांदा? तांबड्या रश्श्याच्या वाटणातला कांदा हलत नाही. त्याच्या जागी दुसरं काय घालणार? मिसळीवर भुरभुरायचा कच्चा कांदा मात्र भाव चढला की लगेच आक्रसतो. वाटी लहान होते, कांद्यात बारीक चिरलेला कोबी दिसायला लागतो. "अजून कांदा आणा" म्हटलं की वाढपी नेमका दुसऱ्या टेबलाकडं बघतो. कांदा एकाच पोत्यातला, पण एका कामाला पर्याय आहे, दुसऱ्याला नाही. मागणी किती वाकेल हे मुख्यतः त्यावर ठरतं.

[गंगावेस. दूध कट्टा. म्हशीची धार, पेल्यावर फेस.]

इथं पर्यायाचा प्रश्न माणसागणिक बदलतो. लिटरमागं दोन-चार रुपये वाढले म्हणून तालमीतला पैलवान खुराक कमी करत नाही. घरी चहात थोडं पाणी वाढतं. आणि गंमत म्हणून संध्याकाळी कट्ट्यावर पेला रिचवायला येणारा एक दिवसाआड यायला लागतो.

[गुजरी, सराफांची पेठ. काचेमागं कोल्हापुरी साज.]

गुजरीत सगळा हिशेब गोंधळतो. एप्रिल २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाला भिडलं. लग्नघरं वजन कमी करतात, जुनं मोडून नवं घडवतात; इथवर मार्शल बरोबर. पण भाव अजून चढणार असं मनात बसलं, की काही जण चढत्या भावातच धावत येतात. त्यांची नजर आजच्या भावावर नसतेच.

[पुन्हा मंडई. दिवेलागण.]

सकाळच्या ढिगातल्या निम्म्या पेंढ्या तशाच आहेत, पानं मलूल झालीत. कांदेवाल्यानं पोत्यावर ताडपत्री ओढली. त्याला घाई नाही, त्याचा कांदा उद्याही कांदाच राहणार. कोथिंबीर राहत नाही.

"दहाला दोन! घ्या, दहाला दोन!"

वैनी देवळाकडून परतताहेत. थांबल्या.

"दहाला तीन घ्या, वैनी, तुमच्यासाठी."
"तीन घिऊन काय करू? दोनच दे."

[पेंढ्या पिशवीत जातात. तिसरी गोणपाटावरच.]