केळणेच्या काठचा वेलिंग्टन

नमस्कार श्रोतेहो. न्यूझीलंडात कसोटी सामना असला की भल्या पहाटे उठून बसणाऱ्यांना वेलिंग्टन वेगळं सांगायला नको. बेसिन रिझर्व्हचं मैदान आणि तिथला तो वारा! समालोचन मात्र रेडिओवरच ऐकावं. टीव्हीवाले चित्र दिसतंय म्हणून बोलायचा आळस करतात. असो.

तर ही न्यूझीलंडची राजधानी झाली. निलगिरीत कुन्नूरजवळ वेलिंग्टनची छावणी आहे, तिथे आपल्या तिन्ही दलांचे अधिकारी शिकायला जातात. मुंबईत रीगल सिनेमासमोर वेलिंग्टन कारंजं आहे. इंग्लंडात तर गमबुटालाही वेलिंग्टन म्हणतात. या सगळ्यांमागे माणूस एकच, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पण ही पदवी मिळण्याआधी, नुसता आर्थर वेलस्ली असताना, तो आपल्या जालना जिल्ह्यात लढला होता. भोकरदन तालुक्यात, असईला.

तारीख २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा उतरलेल्या. दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभरच्या आसपास तोफा, शिवाय अफाट घोडदळ. वेलस्लीची नियमित फौज साधारण साडेचार हजार. समोरच्या उतारावरून, म्हणजे पायी पार होण्याजोग्या जागेवरून, नदी ओलांडावी, तर तोफा थेट तोंडावर. बगलेवरून जावं, तर वाटाडे म्हणाले, साहेब, पुढे उतार नाही.

वेलस्लीनं दुर्बीण लावली. केळणेच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. इंग्रजी नोंदींत नावं आहेत पीपलगाव आणि वरूर. नीट ऐका हं, दोन गावं, अगदी समोरासमोर, मध्ये नदी. त्यानं मनाशी म्हटलं, दोन काठांवर इतकी जवळ वस्ती केलीय, म्हणजे माणसं जात-येत असणारच. आपल्या खेड्यापाड्यातलं पोरही हेच सांगेल. ऐलतीरी लेक दिलेली, पैलतीरी बाजार, मग उतार नसून कसं चालेल? माणूस पाठवला. उतार निघाला!

फौज नदीत उतरली. तोफा सुरू झाल्या होत्या. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं गोळ्यानं उडालं. पलीकडे पोचल्यावर त्याला वाटलं, आता बगल मोकळी. पण शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य अंमलदार पोलमन, हॅनोव्हरकडचा. त्यानं सगळी रांग फिरवून पुन्हा समोर उभी केली. आपल्या गोलंदाजांबद्दल, म्हणजे तोफा डागणाऱ्यांबद्दल, तर काय सांगावं! इंग्रज अंगावरून पुढे गेले तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि मागून उठून पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळीनं पडला, दुसऱ्याला भोसकलं. संध्याकाळपर्यंत त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. लढाई त्यानं जिंकली. पण शिंदे-भोसले आधीच मैदानातून निघून गेले होते, हे मला आजही खटकतं. तोफेपाशी मरणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

म्हातारपणी त्याला विचारलं, सर्वांत उत्तम कामगिरी कोणती? उत्तर आलं, असई. वॉटर्लू नव्हे, असई.

आता नावाचं थोडक्यात. १८०९ साली तो स्पेनमध्ये लढत होता आणि पदवीसाठी नाव कळवायचं होतं. इकडे भावानंच परस्पर ठरवलं, सॉमरसेटमधलं वेलिंग्टन गाव घेऊ, आपल्या आडनावाशी जुळतं. पुढे १८४० मध्ये न्यूझीलंडची वसाहत उभारणाऱ्या कंपनीनं, ड्यूकनं पाठबळ दिलं म्हणून, नव्या गावाला तेच नाव दिलं. माओरी लोकांचं तिथलं नाव मात्र त्याआधीचं, ते फलकांवर आजही दिसतं. निलगिरीतल्या जकतल्लाचंही असंच वेलिंग्टन झालं. मुंबईचं कारंजं १८६५ चं, ड्यूकच्या मुंबईभेटींची आठवण म्हणून बांधलेलं. त्या चौकाला आता श्यामाप्रसाद मुखर्जींचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला तुम्ही रीगलच सांगता, खरं ना?

आणि सांगलीकर श्रोतेहो, पत्रं लिहायला घेऊ नका. तुमचं कॉलेज विलिंग्डन आहे, वेलिंग्टन नव्हे. तो लॉर्ड विलिंग्डन, मुंबईचा गव्हर्नर, या ड्यूकनंतर शंभरएक वर्षांनी आलेला. त्याच्याबद्दल पुढच्या भागात. नमस्कार.